पाचवा सागरगोटा

‘तुला काय आवडतं?’ एवढंच विचारून माणसाचा थरकाप उडवणारा अख्ख्या अंधेरीत एकच गृहस्थ होता, आणि आमच्या दुर्दैवाने तो आमचा घरमालक होता. मालक ख्रिस्ती, धंदा थडग्यांचे दगड घडवायचा. साठच्या दशकात गावठाणातल्या चर्चमागे नुसती क्रुसांची रांग होती. मालकांना ते मिळमिळीत वाटे. मेलेल्याचा छंद दगडात उतरला नाही, तर त्याला तिकडे करमायचं कसं, हा त्यांचा सवाल. म्हणून एका कॅरमवेड्या कारकुनाच्या थडग्यावर त्यांनी दगडी कॅरम मांडला, एका म्हाताऱ्याच्या पायथ्याशी झुंजीचा कोंबडा उभा केला. भर दुपारीही तिथून जाताना माझी पावलं भरभर पडत. सगळीकडे पाचोळा असे, कॅरमवर मात्र एक पान दिसत नसे. मालक म्हणत, “खेळतात ना रोज, म्हणून.”

चांगला दगड हाती आला की जिवंत माणसांचीही चौकशी सुरू होई. माझे वडील तापाने पडले, तेव्हा मालक पेज घेऊन आले, उशाशी बसले आणि फार मायेने विचारू लागले, शब्दकोडी जास्त आवडतात की पत्ते. वडील त्याच संध्याकाळी उठून बसले.

मग मालकीणबाई गेल्या. दगड आला, छिन्नीला धार लावून झाली आणि मालक अडले. गावठाणाचे छंद तोंडपाठ असलेल्या माणसाला बायकोचा छंद सांगता येईना. नोव्हेंबरात मृतांचा दिवस आला, थडग्याथडग्यावर मेणबत्त्या लागल्या, आणि तिचा दगड कोराच. त्या संध्याकाळी ते आमच्या दारात उभे राहून आईला म्हणाले, “वैनी, तिला काय आवडायचा गो? मी कधी विचारलाच नाय.”

“सागरगोटे,” आई म्हणाली. “तुम्ही कामावर गेलात की दुपारी आम्ही दोघी खेळायचो. हरायला लागल्या की रडीचा डाव खेळायच्या.”

मालकांनी दगडात चार सागरगोटे कोरले. पाचवा कुठे, असं मी विचारलं, तर शांतपणे म्हणाले, “वर फेकलाय तिने. येल खाली.” तेव्हापासून रोज दुपारी काम टाकून ते तिथे बसू लागले, तळहात पसरून. बघताना मला भीती वाटायची आणि रडूही यायचं.

पुढे तेही गेले. स्वतःचा दगड त्यांनी आधीच घडवून ठेवला होता, नुसता पसरलेला तळहात. नवख्याला वाटतं, कुणीतरी काही मागतंय. कॅरमवर हल्ली पाचोळा साचतो, त्या तळहातावर मात्र मला कधी पान दिसलं नाही. समोर उभा राहिलो की माझी नजर आपोआप वर जाते.