बटणवालीच्या दारातली माणसं

माझ्या धाकट्या जावेवर मी जळते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी मला साळसूद समजायला नको. चांगली बावीस वर्षं जळतेय आणि या कामात एक दिवस खाडा केलेला नाही.

तिचं बटणांचं दुकान आहे. बाजाररस्त्याच्या एका बाजूला ती, बरोबर समोर मी. दोन्ही गाळे पालिकेचे, सारख्याच मापाचे. मी कपडे दुरुस्त करते. पँटची लांबी कमी कर, कोट कमरेत घे, चेन बदल. तिला सगळं गाव बटणवाली म्हणतं. मला म्हणतात बटणवालीची जाऊ. आता सांगा, जळू नको तर काय करू?

लग्न होऊन आली तेव्हा तिला धड सुईत दोरा ओवता येत नव्हता. शिवण मीच शिकवायला बसले. तिसऱ्या दिवशी तिने धाकट्या भाऊजींच्या शर्टाला बाही उलटी लावली आणि वर स्वतःच हसत सुटली. मी म्हटलं, "तुझ्याच्याने हे व्हायचं नाही." ती म्हणाली, "बरं वहिनी," आणि उठली. पण उठताना माझा बटणांचा डबा घेऊन गेली. त्यात वर्षानुवर्षांचा काला होता. संध्याकाळी बघते तर मापाप्रमाणे, रंगाप्रमाणे, भोकांप्रमाणे सगळी बटणं वाट्यांतून लावून ठेवलेली. त्या डब्यातूनच पुढे तिचं दुकान निघालं. माझ्याच डब्यातून. हे ती सगळ्यांना कौतुकाने सांगते, त्यामुळे मला ते कुणाला सांगताही येत नाही.

तिचं डोकं म्हणजे एक अजब प्रकार आहे. माणूस कोट घालून दारात उभा राहिला की ही लांबूनच बघते, शिडीवर चढते आणि नेमक्या खणातून हरवलेल्या बटणाचा जोड काढून देते. नाहीच मिळाला तर वहीत लिहून ठेवते. एका मास्तरांना तिने सात महिन्यांनी निरोप धाडला, तुमचं बटण आलंय म्हणून. मास्तर तोवर कोट कुणाला तरी देऊन बसले होते. तरी आले आणि बटण घेऊन गेले. एका बटणाचे ती पैसे घेत नाही. "एकाचे काय घ्यायचे?" म्हणते. तो माणूस मग आठवड्यात सगळं खानदान घेऊन येतो.

माझ्या जिभेला तसला गोडवा नाही. कुणी पँट चार इंच कमी करायला आणली की मी विचारते, घेताना डोळे घरी ठेवून गेला होतात का? काम माझं चोख असतं. टाका दिसला तर दुकान बंद करीन. पण लोकांना काम नको असतं, कौतुक हवं असतं.

असो. हमरस्त्याला मोठाली दुकानं झाली आणि आमचा बाजाररस्ता मेल्यात जमा झाला. तीन गाळ्यांमागे एकाला कुलूप. मग पालिकेला जाग आली. रस्ता पुन्हा कसा जगवायचा हे दुकानदारांनीच ठरवायचं, असं पत्रक निघालं आणि वाचनालयाच्या सभागृहात सभा सुरू झाल्या. पालिकेने एक तरुण बाई पाठवली. ती टेबलभर नकाशा पसरायची, म्हणून आम्ही तिला नकाशेवाली म्हणायचो. पोरगी हुशार, आवाज खणखणीत. पहिल्याच सभेत सगळ्यांनी पुढे बसवलं कुणाला? बटणवालीला.

ठरलं ते असं. रस्ता फक्त चालणाऱ्यांसाठी ठेवायचा, गाड्या मागच्या बाजूला लावायच्या. आमच्या ओळीमागे मोकळं मैदान आहे, तिच्या ओळीमागे बंद गिरणीचं आवार. पण मागून रस्त्यावर यायला वाट नाही. कुलपातल्या गाळ्यांची भांडणं कोर्टात, त्यांना हात लावता येत नव्हता. तेव्हा कुठला तरी एक चालू गाळा पाडून बोळ काढायचा. पैसे एकाच बोळाचे होते. ज्या दुकानात माणसं सगळ्यांत कमी येतात, ते जाणार. त्या दुकानदाराला नव्या इमारतीत गाळा मिळणार, दुसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्यावर पँट घेऊन कोण चढतंय? तिथे जाणं म्हणजे धंद्याला पाणी सोडणं, हे सगळ्यांना कळत होतं.

आपल्या दुकानात किती माणसं येतात ते ज्याने त्याने लिहून द्या, असं आधी सांगितलं होतं. आकडे आले आणि नकाशेवाली कपाळाला हात लावून बसली. चपला दुरुस्त करणाऱ्याने रोजचे दोनशे लिहिले होते. एवढी माणसं असती तर योजना कशाला लागली असती? मग तिने नवी तऱ्हा काढली. प्रत्येकाने समोरच्या दुकानाची माणसं मोजायची. सहा दिवस, सकाळी नऊ ते सहा. आत शिरेल त्याची एक उभी रेघ.

म्हणजे जे काम मी बावीस वर्षं फुकट करत होते, तेच करायला मला सरकारी कागद आणि पेन्सिल मिळाली. जाऊ समोरून हसून म्हणाली, "वहिनी, मी तुमची, तुम्ही माझी."

सोमवारी अकरापर्यंत नऊ रेघा झाल्या. मग एक बाई दोन मुलींना घेऊन शिरली आणि हात काही पुढे सरकेना. कसं झालं कुणास ठाऊक. कुणास ठाऊक काय, मला चांगलं ठाऊक आहे. पोटात दुखत होतं. तीन माणसं गेली, पेन्सिल जागची हलली नाही. मग चौथं गेलं, पाचवं गेलं. संध्याकाळी कागदावर नऊ ते नऊच. पुढचे पाच दिवस हेच केलं. एके दिवशी आठ, एके दिवशी दहा, म्हणजे संशय नको. घरी आमच्या ह्यांना बोलले नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणतात, पण हा भिजला.

सातव्या दिवशी सभा. सभागृह गच्च. नकाशेवालीने फळ्यावर आकडे लिहिले. शेवटून दुसरं कपडे दुरुस्तीचं दुकान, रोजची सरासरी अकरा. शेवटचं बटणांचं, नऊ.

चपलावाला उभाच राहिला. म्हणाला, "बटणवालीकडे नऊ? शक्यच नाही. पुन्हा मोजा."

नकाशेवालीने जावेला विचारलं, "तुमची काही हरकत?"

जाऊ उठली. चेहरा उतरला होता, पण आवाज नेहमीचाच. "वहिनींनी मोजलंय ना? मग बरोबरच असणार. माझ्या दाराकडे त्यांचं जेवढं लक्ष असतं तेवढं माझंही नसतं." लोक खदखदून हसले. ती मात्र थट्टेत बोलली नव्हती. मग म्हणाली, "कुणाचा तरी गाळा जाणारच. सगळ्यांचा रस्ता जगणार असेल तर माझा जाऊ दे."

पुढच्या रांगेतल्या मास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले. हो, तेच मास्तर. सगळे तिच्याकडे असे बघत होते की उद्या तिचा पुतळाच बसवतील.

मी उभी राहिले.

"तो आकडा खोटा आहे," मी म्हटलं. "मी खोटा लिहिला. खरा सांगते, लिहून घ्या. सोमवार एकतीस. मंगळवार सत्तावीस. बुधवार चोवीस, त्या दिवशी पाऊस होता. गुरुवार तेहतीस. शुक्रवार एकोणतीस. शनिवार बेचाळीस."

रेघ कागदावर ओढली नव्हती, पण माणूस एकही सुटलेला नव्हता.

पहिली बोलली ती जाऊच, "मंगळवारी सत्तावीस? मला विसेक वाटले होते."

"सत्तावीस," मी म्हटलं. "तू माळ्यावर माल लावत होतीस तेव्हा चौघं आत आले, हाका मारल्या आणि परत गेले. दुकान उघडं टाकून वर चढायचं नसतं, किती वेळा सांगायचं?"

नकाशेवालीने नऊवर काट मारली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "पण मग सगळ्यांत कमी तुमचेच होतात."

"आकडे वाचता येतात मला."

लोक आता म्हणतात, मला पश्चात्ताप झाला. झाला असेल थोडासा, नाही म्हणत नाही. पण खरं सांगू? माझ्या खोट्या आकड्यावर ती देवमाणूस व्हायला निघाली होती. दुकान गेलं असतं आणि जन्मभर सगळ्या गावाने तिचा त्याग माझ्या कानीकपाळी ओरडून सांगितला असता. ते माझ्याच्याने बघवलं नसतं. म्हटलं, एकदा तरी सगळ्यांसमोर मी मोठी होईन. दुकान गेलं तर गेलं.

मी खाली बसायच्या आत जाऊ पुन्हा उठली. "वहिनी दुसऱ्या मजल्यावर जाणार नाहीत," ती म्हणाली. "त्यांचं मशीन माझ्या गाळ्यात लागेल. खणांची एक ओळ काढली की जागा होते."

आणि टाळ्या पडल्या. काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू. मास्तर तर उभे राहून वाजवत होते. खरं मी बोलले, दुकान माझं गेलं आणि टाळ्या तिला.

बाहेर पायरीवर तिने मला गाठलं. मला वाटलं आता तरी दोन शब्द सुनावेल, एवढा तिचा हक्क होता. ती म्हणाली, "मशीन खिडकीशी लावू या. सकाळचा उजेड तिथे छान येतो."

मला माहीत होतं. बावीस वर्षं तो उजेड मी समोरून बघत होते. मी म्हटलं, "बरं."