आयचा खडक मी रिकामा दाखवला

"मावशी, तुमची बोट कुठाय?" आमच्या कंपनीच्या साहेबांनी भर सभेत माइकवर विचारलं आणि बोईसरच्या त्या हॉलमध्ये हशा पिकला.

उभी होती ती माझी आय. सत्तरी ओलांडलेली. ती पडद्यावरच्या नकाशाकडे हात करत होती. घिवलीच्या पुढे आमच्या गावासमोर खडकांचा पट्टा आहे. नकाशात तो करडा होता. करडा म्हणजे कुणाच्याच उपयोगाचा नाही. म्हणून कारखान्यांच्या सांडपाण्याचा पाइप तिथून समुद्रात सोडायचा, असं साहेब समजावत होते.

"बोट नाय," आय म्हणाली. "आमी बाया पायी जातो. ओहोटीला. कालवं काढतो."

पुढच्या रांगेत आमच्याच गावचे बोटवाले होते. तेही हसले. एकजण मागे वळून म्हणाला, "म्हातारे, बस खाली. येथं मच्छीमारांची गोष्ट चाललीय."

साहेबांनी माझ्याकडे हात केला. "सर्व्हे यांनी केलाय. तुमच्याच भागातले आहेत. ओळखता ना?"

आयने माझ्याकडे बघितलं. मी लॅपटॉपपुढे बसलो होतो, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र.

"नाय," ती म्हणाली. "मी नाय वळखत."

आणि खाली बसली. मी पुढचं चित्र पडद्यावर आणलं.

ते काम मुळात वाईट नव्हतं, हे मला सांगितलंच पाहिजे. समुद्रकिनारा माणसाला काय काय देतो ते आधी गावोगाव विचारायचं. खायला काय देतो, लाटांना कुठे अडवतो, माशांची पिल्लं कुठे वाढवतो. मग ठरवायचं, जहाजं कुठून जातील, पाइप कुठे पडेल, कुठे कुणी हात लावायचा नाही. मला ते पटलं होतं. मी सातपाटीपासून डहाणूपर्यंत फिरलो. बोटी, जाळी, मासळी सुकवायच्या जागा, सगळं नोंदवलं. आमच्या गावाच्या फॉर्मवर खडकाचा रकाना आला. तो मी रिकामा सोडला.

विसरलो नव्हतो. त्या खडकावरच मी वाढलो. बाप लवकर गेला. आमची बोट नव्हती. ज्यांची बोट नाही त्यांच्याच बाया कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, फोडायला जात. आयच्या बोटांना कायम शिंपल्यांचे काप असायचे. शाळेत गुरुजींनी मला खिडकीशी बसवलं, वाऱ्याच्या बाजूला. म्हणाले, वर्गाला वास येतो. बोटवाल्यांची मुलंही तेव्हा हसली होती. मासळीच्या वासातही वरचा आणि खालचा असतो, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे कॉलेजात मी सांगत असे, आमच्या दोन बोटी आहेत.

त्या लाजेने रकाना रिकामा ठेवला. दुसरं कारण नाही. नंतर दुसरी कारणं शोधली, सापडली नाहीत.

सभेनंतर मी घरी गेलो. आय ओट्यावर बसली होती. मी विचारलं, ओळख का दिली नाही. नोकरीसाठी का?

"नोकरीचं माझ्या डोक्यात पन नवतं," ती म्हणाली. "शालेत होतास तवापासून तुला माजी लाज वाटते. चार लोकांत तुला कशाला खाली बघाय लावू?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगितलं, तो पट्टा चुकलाय. बाया कालव उघडून मांस घेतात, पण खालची शिंप खडकालाच ठेवतात, कारण तिच्यावर नवं कालव धरतं. कुणी शिकवलं नाही, सासूकडून सुनेकडे आलं. खडकाच्या खळग्यांत माशांची पिल्लं असतात. पावसाळ्यात लाट तिथे फुटते म्हणून आमची घरं उभी आहेत. हे नकाशात यायला हवं.

साहेब म्हणाले, "आता? चारदोन बायकांसाठी?"

"त्यातली एक माझी आई आहे."

ते शांतपणे म्हणाले, "मग तर तुमचं म्हणणं धरताच येणार नाही. तुम्ही त्यांच्या घरचे झालात."

त्यांनी माझ्यापुढे अंतिम अहवाल ठेवला. सर्व्हे केला त्याची सही हवी होती. मी केली नाही. ओळखपत्र टेबलावर ठेवून बाहेर पडलो. माझ्या जागी दुसऱ्याने सही केली, असं कळलं. पट्टा अजून करडाच आहे.

आय माझ्याशी बोलते, जेवायला वाढते. पण खडकावर येतो म्हटलं की म्हणते, पाय कापतील तुजे, र्‍हाऊ दे. तरी मी जातो. ती पुढे, मी मागे. कुठली बाई कुठे बसते, काय काढते, काय सोडते, ते लिहून घेतो. पालघरला जिल्हा कार्यालयात लेखी हरकत दिली आहे. तिच्यात लिहिलंय की हा खडक रिकामा नव्हता, सर्व्हे करणाऱ्याने तो जाणूनबुजून रिकामा दाखवला, आणि तो सर्व्हे करणारा मी.

हरकत फेटाळली तर पुन्हा देईन. बोटवाले हसतील, हसू देत. पाइप टाकायला माणसं येतील तेव्हा मी खडकावर बसलेला असेन. तिथून मी आपल्या पायाने उठणार नाही.