अडीचच्या बांगड्या

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. विश्रामबागेतल्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. रिपोर्ट हातात आल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, ही सवय घरीही सुटत नाही. आमचे हे साताऱ्याला कारखान्यात दुपारच्या पाळीत नोकरीला. आठवडाभर तिकडे खोलीवर राहायचे, रविवारी सांगलीला यायचे. लग्नाला तीन वर्षं झाली होती. आदल्या वर्षी तिसऱ्या महिन्यात आमचं बाळ गेलं. कराडजवळच्या गावाहून सासूबाईंनी अंगाऱ्याची पुडी पाठवली, ती मी ह्यांच्यादेखत केरात टाकली. "बाळ गेलं तेव्हा कुठं होता तुमचा देव?" असंही विचारलं. ह्यांनी पुडी उचलून खिशात ठेवली आणि जेवायला बसले.

पुन्हा दिवस गेले आणि चौथ्या महिन्यात माझ्या लक्षात यायला लागलं, की ह्यांचं काहीतरी बिनसलंय. दर मंगळवारी सकाळी फोन बंद. दुपारी लागला की म्हणायचे, रेंज नव्हती. दिवसाला पाच कप चहा पिणाऱ्या माणसानं चहा सोडला, विचारलं तर पित्त होतंय म्हणे. एका रविवारी कपडे धुवायला काढताना बॅगेत हिरव्या बांगड्या सापडल्या, कागदात नीट गुंडाळलेल्या. क्षणभर मी लाजलेसुद्धा. घालून पाहिल्या तर ढिल्या. मला सव्वादोनच्या लागतात, या अडीचच्या होत्या. तीन वर्षांत नवऱ्याला बायकोच्या हाताचं माप कळू नये? होत्या तशा गुंडाळून ठेवल्या. त्या दिवसापासून अन्न गोड लागेना. विचारायचीही भीती वाटत होती, कारण खरं उत्तर मिळालं तर पोटातलं बाळ घेऊन जायचं कुठं, हे मला ठाऊक नव्हतं.

शेवटी एका मंगळवारी रजा टाकली आणि न सांगता साताऱ्याची एसटी पकडली. खोलीवर जाऊन काय ते डोळ्यांनी बघायचं आणि मनात होतं तेच निघालं, तर तिथूनच माहेर गाठायचं, असं ठरवलं होतं.

गाडीत शेजारी एक म्हातारी बसली होती, कपाळाला कुंकू नाही, मांडीवर पिशवी. मी मंगळसूत्र पदराखाली सारलं. एसटीत दागिने लांबवणाऱ्या बायकांचे मेसेज रोज फोनवर येतात. तिनं शेंगदाण्याचा लाडू पुढं केला. "उपास आहे," मी थाप मारली. "पोटुशी बाईला कसला गं उपास?" ती म्हणाली, आणि माझा संशय आणखी वाढला. माझं पोट अजून दिसतही नव्हतं.

कराडच्या स्टँडवर पाणी घ्यायला उतरले आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. भानावर आले तेव्हा बाकावर होते, म्हातारी पदरानं वारा घालत होती आणि माझी गाडी निघून गेली होती. पहिलं काय केलं असेल, तर गळा चाचपला. मंगळसूत्र होतं. ती हसली. "हाय गं जाग्यावर. घे, लाडू खा आता गुमान." मी खाल्ला.

"फुडची गाडी तासाभरानं हाय," ती म्हणाली. "मी देवीला चाललीया. देवळात गार सावली हाय, चल, घटकाभर टेक." का गेले, ते आजही सांगता येत नाही. उन्हात बसवत नव्हतं, एवढं खरं. रिक्षानं नदीकाठच्या देवळात गेलो. मी खांबाला टेकून बसले, म्हातारी पुढं उभी राहिली. ओटी भरणाऱ्या बायकांची गर्दी होती. तेवढ्यात पुढून आवाज आला, "मावशी, एवढी देवीची ओटी भरता का? घरच्यांना यायला जमत न्हाई."

तो आवाज मी ओळखला. पाय अनवाणी, हातात खण, नारळ, तांदूळ आणि हिरव्या बांगड्या. आमच्याकडे ओटी बाईनं भरायची असते, म्हणून हा माणूस दर मंगळवारी साताऱ्याहून येऊन माझ्या वाटची ओटी परक्या बायकांच्या हातून भरून घेत होता. माझ्यासारखीला सांगून उपयोग काय होता?

"मला चालत न्हाई रं लेकरा," म्हातारी म्हणाली. तिला का चालू नये, हे मला अजूनही पटत नाही. "ही हाय की सवाशीण. ही भरंल."

ह्यांनी वळून पाहिलं. मला रडू कोसळलं, आणि तशीच उठून मी ओटी भरली. अडीचच्या बांगड्या देवीच्या पायाशी ठेवल्या. म्हातारी प्रदक्षिणेला म्हणून गेली, ती पुन्हा दिसली नाही. देवीच आली होती, असं सासूबाई म्हणतात. मला वाटतं, तिला तिची गाडी गाठायची असेल. पण मी वाद घालत नाही.

बाहेर पायरीवर बसल्यावर मी साताऱ्याला कशासाठी निघाले होते, ते सांगून टाकलं, तसे हे म्हणाले, "अगं, मी नवस बोललो होतो, की..." सासरी नवस फिटेपर्यंत बोलून दाखवत नाहीत; दाखवला तर फळत नाही म्हणतात. हे ती रीत मोडायला निघाले होते, फक्त माझ्या संशयापायी. मी ह्यांच्या तोंडावर हात ठेवला. "नका सांगू," म्हटलं.

लेक आता आठ महिन्यांची आहे. नवस ती पाच वर्षांची झाल्यावर फेडायचा, एवढंच हे म्हणतात. तोवर चहा बंद. काय बोललेत, मला माहीत नाही. मी विचारतही नाही. मंगळवारी फोन लागला नाही, की लेकीला मांडीवर घेते आणि दुपार होण्याची वाट बघते.