घरट्यावरची डहाळी

रोह्याच्या बाजारात जगनचा फोटो स्टुडिओ होता. लग्न, बारसं, साखरपुडा, दुबईला निघालेल्यांचे पासपोर्टचे फोटो, सगळं त्याच्याकडेच यायचं. कुणी वारलं की त्याचा जुना फोटो मोठा करून द्यायचं कामही त्याचंच. पोटाला कमी नव्हतं. पण पोट भरलं म्हणून पोटात दुखायचं थोडंच थांबतं! जगनच्या पोटदुखीचं नाव होतं सईद.

दोघंही पेणला एकाच उस्तादाच्या हाताखाली, एकाच डार्करूममध्ये शिकले. पुढे जगनने दुकान थाटलं आणि सईद गळ्यात कॅमेरा अडकवून खाडी, मिठागरं, रानं तुडवत फिरू लागला. "हा उपाशी मरणार बघा," असं जगनने तेव्हा चारचौघांत सांगून टाकलं होतं. उपाशी मरणं दूरच, नव्वद सालानंतर एका कंपनीने आपल्या कॅलेंडरसाठी दरवर्षी सईदचेच फोटो घ्यायला सुरुवात केली, आणि पेणपासून रोह्यापर्यंत भिंतीभिंतीवर सईद जाऊन बसला.

जगनच्या भिंतीवरसुद्धा. त्याच्या बायकोने, गिरजाने, जुन्या कॅलेंडरातलं खंड्या पक्ष्याचं पान कापून, काच लावून स्वयंपाकघरात टांगलं होतं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते असं. जगन जेवायला बसला की बरोबर समोर तो निळा खंड्या, आणि खाली बारीक अक्षरात सईदचं नाव.

"नवरा फोटोग्राफर, आन् भिंतीवर दुसऱ्याचा फोटू?" तो एकदा कडाडला.

"मंग तुमचं काय लावू? लोकांच्या नवऱ्या?" गिरजाने भाकरी थापता थापता विचारलं.

सईदला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि जगनला तेच जास्त झोंबायचं. जळणाऱ्याला समोरच्याने निदान मुद्दाम तरी जळवावं! पण नाही. एका मे महिन्यात सईद आपणहून दुकानात आला आणि "चल, गंमत दाखवतो" म्हणत त्याला वरसे गावापुढच्या ओढ्याकाठी घेऊन गेला.

आंब्याच्या खालच्या फांदीवर वाटीएवढं घरटं होतं. आत तीन पिल्लं, आणि त्यांना किडे भरवणारा लांब पांढऱ्या शेपटीचा नर. स्वर्गीय नर्तक म्हणतात तो हाच. घरट्यापुढे पानांची एक डहाळी आडवी येत होती. सईदने खिशातून सुतळी काढली, डहाळी अलगद बाजूला ओढून बांधली, भराभर काही फोटो घेतले आणि लगेच सुतळी सोडली. डहाळी पुन्हा घरट्यावर आली.

"सोडलीस कशाला? परत यायचंच हाय ना?"

"त्यांचं छप्पर हाय ते, जगन. कावळ्याला घरटं दिसलं की संपलं. उद्या भावाला विमानतळावर सोडायचाय, परवा येऊ. मनासारखा फोटू अजून नाय आला."

मनासारखा आला नाही, एवढंच जगनने ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच तिथं हजर. स्टूल, फ्लॅश, सुतळी, सगळं घेऊन. डहाळी त्यानेही बांधली, खोटं कशाला बोला. पण वारं सुटलं की ती हलायची आणि पिल्लांच्या तोंडावर सावली पडायची. सईदचे फोटो असेच असायचे, जरा सावलीतले. जगनला सईदसारखा फोटो नको होता, सईदला खाली मान घालायला लावणारा हवा होता. त्याने पिशवीतून कोयता काढला आणि डहाळी छाटून टाकली. एक डहाळी ती काय!

ऊन थेट घरट्यात उतरलं. नर आला, तीन चोची उघडल्या, आणि जगनने बटण दाबलं.

तिसऱ्या दिवशी जगनने गिऱ्हाइकांचं निमित्त काढलं, तेव्हा सईद एकटाच ओढ्यावर जाऊन आला. "पिल्लं कावळ्यांनी नेली रे," तो दुकानाच्या पायरीवर बसत म्हणाला. "कुणीतरी डहाळी तोडली. लाकडाला आला असंल कोण."

"असंल," जगन म्हणाला, आणि समोरच्या गिऱ्हाइकाची हनुवटी सरळ करायला वळला.

त्याला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण फोटो त्याने त्याच कॅलेंडरवाल्या कंपनीत नेऊन दिलाच. नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर पहिल्याच पानावर तो छापून आला, खाली जगनचं नाव. बाजारात लोक थांबवून बोलू लागले. जगन वाट बघत होता ती एकाच माणसाची.

सईद आला. कॅलेंडर हातात धरून बराच वेळ बघत राहिला. इतकी वर्षं आपल्या पोटात जे पेटलं होतं ते आज त्याच्या तोंडावर दिसेल, म्हणून जगन टक लावून होता. पण सईद तो फोटो, मयताचा फोटो न्यायला आलेली माणसं बघतात तसा बघत होता.

"झकास आलाय," तो शेवटी म्हणाला. "पिल्लांच्या घशापर्यंत उजेड. मला नसता जमला." आणि कॅलेंडर नीट गुंडाळून काउंटरवर ठेवून गेला.

जगन दुपारी घरी जेवायला गेला, तर गिरजाने खंड्या उतरवून त्याच काचेत नवऱ्याने काढलेला फोटो बसवला होता. "आता झालं ना मनासारखं?" ती हसत म्हणाली आणि तिने ताट वाढलं.

जगनने घास उचलला. समोर तीन चोची त्याच्या हाताकडे आ करून होत्या. घास तसाच ताटात गेला.

"गिरजा, सईदचा खंड्या कुठं ठेवलास गो?"

"कपाटावर हाय. का ओ?"

"तोच लाव परत," जगन म्हणाला. "ह्यांच्यासमोर मला जेवता येत नाय."