ताईचा नीलम

मी खनिजशास्त्र शिकवते हे कळलं की माणसं बोट पुढे करतात. बोटात अंगठी असते आणि अंगठीत खडा. "मॅडम, असली हाय का पाहा ना." कॉलेजातला शिपाई विचारतो, शेजारच्या काकू विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली अनोळखी बाई हात न धुताच विचारते. सुरुवातीला मी उत्साहानं बघायची, समजावून सांगायची. आता या प्रश्नाचा इतका वीट आला आहे की "चष्मा घरी राहिला" म्हणते आणि मोकळी होते. चष्मा तेव्हा नाकावरच असतो, पण तेवढं कुणी बघत नाही.

वीट शिकवण्याचाही आला आहे, खोटं कशाला बोलू. दर वर्षी पहिल्या सत्रात तेच. शंखजिरं नखानंही खरवडतं, गारगोटीवर चाकू चालत नाही, हिऱ्यापुढे सगळेच हात टेकतात. खनिज ओळखताना नुसत्या रंगावर जाऊ नका, हे घसा बसेपर्यंत सांगते. तरी प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत मुलं "रंग निळा" असं लिहितात आणि पेन खाली ठेवतात. निळं काय, काहीही असतं. आमच्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यात सापडणारं कायनाईटही निळंच असतं, लांबट पात्यांसारखं. त्याच्यावर लांबीच्या दिशेनं सुई ओढली तर ओरखडा उठतो, आडवी ओढली तर उठत नाही. आतल्या अणूंची वीण सगळ्या दिशांनी सारखी घट्ट नसते, म्हणून. असे तुकडे पैलू पाडून नीलम म्हणून खपवतात, हे सांगितलं की वर्ग जरा जागा होतो. मिनिटभरानं सगळ्या माना पुन्हा मोबाइलमध्ये.

ही सगळी विद्या घरच्या माणसावर चालवायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. आली ती माझ्या ताईमुळे.

ताई हुडकेश्वरला राहते. भावजी गेल्यापासून एकटीच. मी मनीषनगरला, म्हणजे तशी जवळच. दिवाळीनंतर एका रविवारी ती माझ्याकडे आली, चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, आणि कप विसळता विसळता पाठमोरीच म्हणाली, "छातीत गाठ लागून राहिली वं मले. आंघोळ करताना हाताला लागली."

मी म्हटलं, आत्ता चल, डॉक्टरला दाखवू. ती हसली. "चाल ना, जाऊ. घाई काय हाय?" ती घाई पुढे कित्येक महिने झाली नाही. तिला दवाखान्याची भीती आहे, आणि ती उगाच नाही. आमची आई पोटात दुखतं म्हणून पायी चालत दवाखान्यात गेली होती, आणि तिथून परत आली नाही. तेव्हा तिच्याबरोबर ताई होती, मी परीक्षेला बसले होते. त्यानंतर दवाखान्याच्या रस्त्यानंसुद्धा ताई रिक्षा नेऊ देत नाही.

मग तिच्या कॉलनीतल्या कुणीतरी तिला एका महाराजांकडे नेलं. त्यांनी पत्रिका पाहून सांगितलं, शनी आडवा आलाय, नीलम घाला. ताईनं घातला. शनिवारी, मधल्या बोटात, खालून उघडा, म्हणजे खडा कातडीला टेकला पाहिजे. मी डॉक्टरचं नाव काढलं की ती बोट दाखवायची. "ह्याचा गुण तर येऊ दे आधी."

मला संताप आला. इतकी वर्षं मुलांना जे शिकवलं ते निदान एकदा तरी कामाला येऊ दे, असं वाटलं. एका संध्याकाळी मी तिच्या हातातून अंगठी काढून घेतली आणि खालच्या उघड्या बाजूनं खड्यावर सुई ओढली. एका दिशेनं ओरखडा उठला, दुसऱ्या दिशेनं नाही. कायनाईट! मी जिंकल्यासारखी म्हणाले, "ताई, नकली हाय हा. भंडाऱ्याचा दगड हाय."

ताईचा चेहरा उतरेल असं वाटलं होतं. तो उजळला. "पाह्य बरं! तरीच म्हटलं, गुण काहून नाही येऊन राहिला!"

आठवडाभरात ती पुन्हा महाराजांकडे. माझी सुई तिला दवाखान्यात न नेता परत सराफाच्या दुकानात घेऊन गेली. नवा खडा, नवा शनिवार, नव्यानं वाट बघणं. मी भांडले, रडले, एकदा अबोला धरला. अबोला मलाच जड गेला आणि तिसऱ्या दिवशी मीच डबा घेऊन गेले.

मे महिन्यात ती आपण होऊन कॉलेजात आली. तसल्या उन्हात, डोक्याला ओढणी गुंडाळून. अंगठी माझ्या तळहातावर ठेवली. "हा चेक करून दे. महाराजांनी सोता निवडला. तू असली म्हणली की माह्या जिवाले घोर नाही."

ती गेली आणि मी अंगठीकडे बघत बसले. नकली म्हणाले तर तिसरा खडा येणार. असली म्हणाले तर ती त्याच्या भरवशावर बसून राहणार. मला खोटं बोलायला काही वाटलं नसतं, पण बोलायचं तरी कोणतं खोटं? दोन्ही उत्तरांच्या शेवटी ताई घरातच होती, आणि गाठही तिथेच.

सुट्ट्या लागलेल्या होत्या. प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. कूलरमध्ये पाणी नव्हतं, तो नुसताच गरम हवा फेकत होता. मी सगळं क्रमानं केलं, मुलांना करायला लावते तसं. सुई सगळ्या दिशांनी ओढून पाहिली, काही उठलं नाही. मग नमुन्यांच्या कपाटातून गारगोटीहून कठीण अशा टोपाझचा बारीक कपचा घेतला आणि अंगठीच्या खालून खड्याच्या कडेवर ओढला. ओरखडा टोपाझवर उठला, खड्यावर नाही. टोपाझला ओरखडणारं म्हणजे कुरुविंद, हिऱ्याच्या खालोखाल कठीण. नीलम आणि माणिक ही दोन्ही त्याचीच रूपं.

खडा नकली निघेल, निदान महाराज तरी खोटे ठरतील, अशी आशा अजूनही होती. कुरुविंद कारखान्यातही बनतो, आणि काठिण्यात तो तसूभरही कमी नसतो. मी अंगठी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, खड्यावर खोबरेल तेलाचा थेंब सोडला, बाजूनं मोबाइलचा उजेड मारला. कारखान्यातल्या खड्यात गोल बुडबुडे दिसतात. मी बुडबुडे शोधत होते. अक्षरशः देवाकडे मागत होते म्हटलं तरी चालेल.

बुडबुडे नव्हते. आत रेशमाच्या धाग्यांसारख्या बारीक सुया होत्या, तीन दिशांना, एकमेकींना साठ अंशांत छेदणाऱ्या. निळा रंग सरळ पट्ट्यांत बसलेला, पट्टा वळायचा तिथे षटकोनाच्या कोपऱ्यासारखा वळायचा. ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनचे अणू जमिनीखाली शांतपणे एकावर एक बसत गेले की असं होतं. कुठल्याही कारखान्याला एवढा वेळ नसतो. इतका सुंदर खडा मी आमच्या कपाटात कधी पाहिलेला नाही. आणि मला त्याचा इतका राग आला की उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले.

त्या दिवशी मी फार थकलेले होते. खोटं रचायलाही अंगात बळ लागतं, ते नव्हतं. सरळ हुडकेश्वरला गेले.

ताई स्वयंपाकघरात जमिनीवर वर्तमानपत्र पसरून भिवापुरी मिरच्यांचे देठ काढत बसली होती. मी आत पाऊल टाकलं तशी मला ठसका लागला. ती म्हणाली, "बस. सांग."

मी अंगठी ओट्यावर ठेवली. "असली हाय, ताई."

"पक्कं?"

"पक्कं. माझ्या नोकरीत इतका खरा नीलम मी पाहिला नाही."

मला वाटलं, आता ही हात जोडेल, महाराजांचं नाव घेईल. ती देठ काढतच राहिली. एक मिरची, दुसरी मिरची. मग हात थांबला.

"असली हाय ना?"

"हो म्हटलं ना."

"मंग हे काहून वाढून राहिलं वं?"

हाताला मिरची होती म्हणून तिनं हनुवटीनंच छातीकडे दाखवलं. गाठ वाढतेय, हे तिनं मला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही सांगितलं नसावं. खडा नकली असता तर दोष खड्याला देता आला असता. आता दोष द्यायला कुणीच उरलं नव्हतं. खऱ्या खड्यापासून दवाखान्याकडे जाणारी ही वाट मी बांधलीच नव्हती, मला ती दिसलीही नव्हती. ताई आपली आपण त्या वाटेनं आली होती.

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते मिरचीचं नव्हतं. हात लावता येत नव्हता म्हणून ती तशीच बसून राहिली, लहान पोरीसारखी, आणि मी माझ्या ओढणीनं तिचे डोळे पुसले.

"मले लय भेव लागते," ती म्हणाली.

"मलेही लागते."

मी तिला जवळ घेतलं. माझं डोकं दुखत होतं, आणि आता ती तयार झाली आहे तर एक रात्र इकडे की तिकडे काय, असं मला वाटलं. मी म्हटलं, "उद्या सकाळी येतो मी. लवकर जाऊन नंबर लावू."

ताई उठली. हात राखेनं घासून धुतले, पुन्हा साबणानं धुतले, वास घेऊन पाहिला. दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या.

"उद्या नको वं," ती म्हणाली. "आत्ताच चाल. उद्यापर्यंत मी अजून काहीतरी शोधून काढीन."