गप्प बसल्याची शिक्षा

"आधी ऐकून घेऊ, मग रागावू," असं म्हणत सर समोरच्या फायलीवर तळहात ठेवत. व्यावसायिक फुटबॉल लीगच्या शिस्त समितीचे ते तिसरे सदस्य. मी बँकेतली नोकरी सांभाळून समितीचं इतिवृत्त लिहीत असे. सर बनारसच्या दुर्गाघाटावरच्या मराठी घरातले, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. "आमची मराठी आता देवघरात आणि भांडणात उरलीय," असं सांगत आणि भर बैठकीत माझ्याशी मराठीत भांडत.

एकदा एका खेळाडूनं रेफरीला शिवी दिली. सरांनी ती मला मोठ्यानं वाचायला लावली. मी अडखळलो.

"बनारसमध्ये ही शिवी नव्हे, विचारपूस आहे," सर म्हणाले. सगळे हसले. मग ते गंभीर झाले. "पण रेफरी बाहेरगावचा. त्याला लागली असेल. एक सामना बाहेर बसवा."

असं मोजूनमापून बोलणारं एखादं माणूस तुमच्याही ओळखीचं असेल.

मग ते प्रकरण आलं. पंचगंगा घाटावरच्या एका नावाड्याचा मुलगा क्लबकडून खेळायचा. संघात एकवीस वर्षांखालचा एक खेळाडू लागतो, त्या जागेवर. तक्रार अशी होती की त्यानं वय चोरलंय. खरं वय दोन वर्षांनी जास्त आहे.

"आजन्म बंदी," अध्यक्ष म्हणाले. "एकदा कडक वागलो की बाकीचे सुधारतील." दुसऱ्या सदस्यांनी मान डोलावली.

सरांनी शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरची, म्हणजे प्रवेशाच्या नोंदवहीची, झेरॉक्स मागितली. वाचली. पुन्हा वाचली. मग खुर्ची सरकवून उठले आणि त्या खेळाडूच्या शेजारी बाकावर जाऊन बसले.

"हे अक्षर माझं आहे," ते म्हणाले. "याचा बाप याला घेऊन आला तेव्हा जन्माचा दाखला नव्हता. पोर मोठं दिसत होतं. पहिलीत घेता यावं म्हणून मी दोन वर्षं कमी लिहिली. याच्यासारखी आणखीही होती."

अध्यक्षांनी विचारलं, "मग हा निर्दोष म्हणायचा?"

सर शेजारच्या खेळाडूकडे वळले. "सच बोलो. मालूम था?"

त्यानं मान खाली घातली. "मालूम था, गुरुजी. अम्मा ने बताया था."

"मग शिक्षा हवी," सर आम्हाला म्हणाले. "करार करताना हा गप्प बसला. कुणातरी खऱ्याच लहान खेळाडूची जागा गेली. पण याला गप्प बसल्याची शिक्षा द्या. माझ्या लिहिण्याची देऊ नका. आणि माझं मत धरू नका."

एका हंगामाची बंदी ठरली. सरांनी त्याच कागदाच्या मागे राजीनामा लिहून दिला. घाटाच्या पायऱ्या उतरताना मी म्हटलं, "सर, तुम्हाला कुणी दोष दिलेला नाही."

ते एका पायरीवर टेकले. मग म्हणाले, "इतकी वर्षं मला वाटायचं, मी उपकार केला."

त्या पावसाळ्यात त्यांनी पत्रं लिहायला घेतली. ज्या ज्या विद्यार्थ्यांची तारीख चुकवल्याचं आठवलं, त्या प्रत्येकाला एक. 'तुझं वय मी चुकीचं लिहिलं. अडचण आली तर मला साक्षीला बोलाव.' पोस्टमनला जुनी घरं सापडेनात, तेव्हा बंदीत रिकामा बसलेला तो खेळाडू पत्रं घेऊन गल्लोगल्ली फिरू लागला. कुणी चहा पाजला. कुणी शिव्या घातल्या, आणि त्या मात्र विचारपुशीच्या नव्हत्या.

माघात सर गेले. तेराव्यानंतर तो खेळाडू माझ्या बँकेत आला. हातात तीन पाकिटं होती.

"ये घर नहीं मिले," तो म्हणाला. "अब किसको लौटाऊँ?"

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि त्याच्याबरोबर रामघाटाच्या गल्लीत शिरलो. पहिल्या दारावर पत्र्याच्या पाटीवरचं नाव पुसलेलं होतं. त्यानं कडी वाजवली. आतून कुणी ओ दिली नाही.

तो थोडा थांबला, आणि त्यानं पुन्हा वाजवली.