देवीच्या पालखीला डॉक्टरांचा खांदा

"जिला उठता येत नाय, तिला चौदा पायऱ्या चढवून आणू? मग तुमी कशाला हाव हितं?" कर्जतच्या दवाखान्यात मी ओरडत होतो. माझा आवाज खोपोलीच्या शिळफाट्यापर्यंत गेला असणार. आमच्या घराण्याचे गळेच तसे आहेत.

डॉक्टर शांत. "जखम पाहिल्याशिवाय नर्स घरी पाठवता येत नाही, आणि मी घरोघर हिंडत नाही. नाहीतर मुंबईच्या अपंगांच्या संस्थेत ठेवा. तिथे सगळी सोय आहे."

माझी थोरली बहीण आक्का भाताच्या भाऱ्यांच्या उंच उडवीवरून पडली, तेव्हापासून कंबरेखाली निकामी. पडून पडून पाठीला जखमा झालेल्या. एकदा चौघांनी तिला बाजेवर घालून आमच्या दहिवलीहून दवाखान्यात नेलं. पायऱ्यांवर बाज कलली, जखम फुटली, आणि वर गेलो तर डॉक्टर रजेवर! त्या दिवशी आक्का म्हणाली, "मरंन तर माझ्या पडवीत. मला मुंबईला टाकू नका रं."

माझा राग देवीवरही होता. चैत्रात तिची पालखी निघायची ती हमरस्त्यानंच. आमची बोळ अरुंद, म्हणून आक्काच्या दारात कधी आली नाही. जिला देवळात जाता येत नाही, तिच्याकडे देवीनंही पाठ फिरवावी? यंदा खांदाच देणार नाही, असं मी ठरवलं होतं. पण ढोल वाजला आणि पाय ऐकेनात. मी मागच्या दांडीला लागलो. गावकऱ्यांनी पुढचा मानाचा खांदा डॉक्टरांना दिला होता. आमच्याकडे एकदा खांदा दिला की देवी टेकेपर्यंत सोडायचा नाही, आणि ती ओढेल तिकडं जायचं.

बोळीच्या तोंडाशी पालखी जड झाली. किती? आगगाडीचं इंजिन खांद्यावर ठेवल्यागत! मी मनात म्हणालो, आई, आता तुला हवं तिकडं ने. आणि अंग सैल सोडलं. पालखी गर्रकन वळली, बोळीत शिरली. दोन घरांचे पन्हळ मोडले, डॉक्टरांचा चष्मा पडला. देवी टेकली ती थेट आमच्या पडवीत, आक्काच्या बाजेपाशी. ओढ पुढून आली की मागून, मला विचारू नका. माझ्या खांद्याला ती माझी वाटली नाही, एवढंच सांगतो.

आक्कानं पडल्या पडल्या हात जोडले. डॉक्टर घाम पुसत उभे होते. जखमांचा वास आला तसे खाली बसले, तिला कुशीवर वळवून पाठ पाहिली. नंतर आठवड्यातून दोनदा नर्सबाई येऊ लागल्या. त्यांनी मला तिची कूस बदलायला, जखम धुवायला शिकवलं. जखमा भरल्या. मुंबईचं नाव पुन्हा निघालं नाही.

आईचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. माझ्या ओरडण्यानं जे झालं नाही, ते स्वतःला तिच्यावर सोपवल्यावर झालं. तरी अजून अंगाचा तिळपापड होतो. अर्ध्या कोसावर नर्स पाठवायला खुद्द देवीनं देऊळ सोडून यावं लागतं?

जखम सुकली त्या दिवशी मी गहिवरून म्हणालो, "आक्का, तुझ्यासाठी देवीनं वाट वाकडी केली गं!"

आक्का म्हणाली, "पलीकडच्या आळीत रखमा पण पडून हाय. तिच्याकडं कोण जाणार?"